फिजिक्स की मॅथ्स? तुम्ही काय घेतलंत आणि मग काय झालं?

माझी भाची यंदा बारावी झाली. इंजिनिअरिंग नको, हे तिचं दहावीतच ठरलं होतं. बीएस्सीला प्रवेश मिळाला आहे आणि नव्या पद्धतीप्रमाणे मेजर, म्हणजे मुख्य विषय शुक्रवारपर्यंत कळवायचा आहे. फिजिक्स आणि मॅथ्स दोन्ही आवडतात, दोन्हींत मार्क आहेत. तिचा बाबा, म्हणजे माझा भाऊ, बँकेत. मी शाळेत मराठी शिकवते. घरात विचारायला कुणी नाही. नातेवाइकांपैकी जो येतो तो ‘स्कोप कशाला आहे’ एवढंच विचारतो. मला त्याच्या आधीचं हवंय. हे विषय घेतल्यावर रोजचा दिवस कसा जातो? कुठे अडायला होतं? ज्यांनी यातलं एक निवडलं, त्यांनी जमेल तसं लिहा. मी तिला सगळं वाचून दाखवणार आहे.

फिजिक्स. आता भिंगं आणि प्रकाशाच्या उपकरणांचं काम करतो. औंध

मी आकाशापायी फिजिक्सला गेलो. शाळेत असताना दुसऱ्या शनिवारी आयुकात, म्हणजे पुण्यातल्या खगोलशास्त्राच्या संस्थेत, मुलांसाठी व्याख्यानं असायची, बाबा स्कूटरवरून न्यायचे. नारळीकर सरांना पहिल्यांदा तिथेच पाहिलं. कॉलेजात गेलो तर आकाश कुठेच दिसेना. दुपारी अंधारी खोली, सोडियमचा पिवळा दिवा आणि ट्रॅव्हलिंग मायक्रोस्कोपखाली न्यूटनच्या कड्या, म्हणजे भिंग आणि काच यांच्यामध्ये दिसणारी प्रकाशाची वर्तुळं. विसावी, अठरावी, सोळावी असं मोजत यायचं. स्क्रू एकाच दिशेने फिरवायचा. चुकून मागे घेतला की रीडिंग बिघडलं, पुन्हा विसाव्या कडीपासून सुरुवात. पहिलं वर्षभर मला वाटत होतं की आपण चुकलो, मॅथ्स घ्यायला हवं होतं.

मग केटरचा पेंड्युलम आला. गुरुत्वीय त्वरण काढायचं. पुस्तकात ९.८, माझं आलं ९.७८. पार्टनर म्हणाला, जर्नलमध्ये ९.८ लिहून टाकू, सर काही बघत नाहीत. मी खोडणार तेवढ्यात सर मागे येऊन उभे राहिले. म्हणाले, ‘खोडू नकोस. तू पुण्यात उभा आहेस.’ फळ्यावर पृथ्वी काढली, विषुववृत्तापाशी फुगलेली. आपण साडेअठरा अंशांवर, त्यातून समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर वर. म्हणजे पृथ्वीच्या मध्यापासून जरा लांब, म्हणून इथे किंमत ९.७८ च्या आसपासच यायला हवी. एका लोखंडी दांड्याचे झोके मोजून आपण पृथ्वीच्या आकारापर्यंत पोचलो, हे कळल्यावर मी त्या संध्याकाळी घरी चालत गेलो. बस सोडून दिली.

तिला एवढंच विचारा, मोजण्याचा कंटाळा येतो का. चार दुपारी एकच गोष्ट मोजत बसल्यावर पाचव्या दुपारी जावंसं वाटेल का.

मॅथ्स, बीएस्सी आणि एमएस्सी. सध्या कॉलेजात शिकवते

मला बारावीला गणितात ९८ होते, म्हणून मॅथ्स. यापेक्षा जास्त विचार केला नव्हता. हे मुद्दाम लिहितेय, कारण बारावीचं गणित आणि पदवीचं गणित यांचं नाव तेवढं एक आहे. बारावीत रीत शिकवतात, ती पटापट जमली की हुशार. पदवीला पहिल्याच महिन्यात रिअल ॲनालिसिस आलं. एखादा क्रम एका संख्येकडे जातो म्हणजे काय, याची व्याख्या: तुम्ही कितीही छोटा एप्सिलॉन (शून्याहून मोठं अंतर) द्या, मी असा टप्पा दाखवीन की त्यापुढची सगळी पदं तेवढ्या अंतराच्या आत असतील. वाक्य दोन ओळींचं. मला ते समजायला दिवाळी उजाडली. ‘कितीही छोटा द्या’ हे आधी आणि ‘टप्पा दाखवीन’ हे नंतर. हा क्रम उलटा केला तर सगळा अर्थच बदलतो, हे मी कितीतरी दिवस पाहिलंच नव्हतं. पहिल्या सत्रात जेमतेम पास झाले. घरी सांगताना रडले.

एसवायनंतरच्या उन्हाळ्यात एमटीटीएसच्या, म्हणजे गणिताच्या विद्यार्थ्यांसाठीच्या, शिबिराला निवड झाली. चार आठवडे. तिथे शिक्षक आयतं काही सांगतच नाहीत. तुम्ही म्हणालात ‘हे उघड आहे’, की ते विचारतात, ‘का?’ पुन्हा ‘का?’ तिसऱ्या ‘का’ला माझ्याकडे उत्तर नसायचं आणि रात्री गादीवर पडून मी तेच शोधत राहायची. एका पहाटे एक सिद्धता पूर्ण झाली, कुणाची मदत न घेता. कागदावर सात ओळी होत्या. त्या कागदाची घडी अजून माझ्या पाकिटात आहे.

गणितात एकटेपणा असतो. फिजिक्सच्या मुली प्रयोगशाळेतून हसत-भांडत बाहेर यायच्या, मी वाचनालयात एका ओळीशी बसलेली. मला ते मानवलं. सगळ्यांना मानवेलच असं नाही. लॉ कॉलेज रोडजवळच्या भास्कराचार्य प्रतिष्ठानात कधी तिला घेऊन जा. श्रीराम अभ्यंकरांनी १९७६ साली स्थापन केलेली संस्था आहे. तिच्या वयाची मुलं ऑलिंपियाडच्या एका गणितावर तासभर गप्प बसलेली तिथे भेटतील. त्या शांततेत तिला बरं वाटतं का, ते बघा.

फिजिक्स केलं, आता विमा क्षेत्रात. खराडी

थोडक्यात लिहितो. फिजिक्स केलं, मग संख्याशास्त्राकडे वळलो, आता ॲक्च्युअरीच्या (विम्यातली जोखीम गणिताने मोजणाऱ्याच्या) परीक्षा एकेक करत देतोय. मॅथ्सवाल्यांना संभाव्यतेची भाषा आधीपासून येत होती, मला ती नोकरी सांभाळून शिकावी लागली. उलट, आलेला आकडा शक्य कोटीतला आहे का, हे मला चटकन कळतं. ही सवय प्रॅक्टिकलची. नोकरीपुरतं बोलायचं तर दोन्हीकडून इथे पोचता येतं.

निवृत्त प्राध्यापक, फिजिक्स. एरंडवणे

ताई, आमच्या वेळी एफवायला चार विषय, एसवायला तीन आणि टीवायला एक, अशी रचना होती. मुलाला दोन वर्षं मिळायची. आता आधीच विचारतात, त्यामुळे मुलं घाबरतात आणि त्यात त्यांची चूक नाही.

दोन गोष्टी खात्रीने सांगतो. पहिली, दार बंद होत नाही. नारळीकरांची केंब्रिजची पदवी गणिताची होती; पुढे आयुष्य खगोलभौतिकीत गेलं आणि १९८८ साली आयुका उभी राहिली. दुसरी, मेजर काहीही असो, मायनर, म्हणजे दुय्यम, म्हणून यातला दुसरा विषय घ्यायला लावा. क्वांटम मेकॅनिक्स शिकवताना मी वर्षानुवर्षं पाहिलंय, मुलं फिजिक्सला अडत नसत, गणितातल्या लिनिअर अल्जिब्राला अडत. त्यातली आयगेनव्हॅल्यू ही कल्पना ज्याला आधी कळली होती, त्याला मी सांगत होतो त्यातलं निम्मं ओळखीचं वाटायचं. उरलेल्यांना मी एकाच वेळी दोन परक्या भाषा शिकवत होतो.

गणितातून सैद्धांतिक फिजिक्सकडे जाता येतं, जाणारे जातात. पण प्रयोगशाळेतल्या तीन वर्षांची भरपाई नंतर करणं फार अवघड. हाताला वळण त्याच वयात लागतं.

फिजिक्स, नंतर बीएड. जुन्नर तालुका

आमच्या गावापासून खोडद जवळ. तिथल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या तीस अँटेना, एकेक ४५ मीटर व्यासाची. शेतातून येता-जाता दिसायच्या. विज्ञान दिनाला आत सोडायचे, तेव्हा दादांसोबत गेले होते. त्या बघून फिजिक्स घेतलं. पुण्यात ज्या कॉलेजात प्रवेश मिळाला तिथे सहा जणींत एक स्पेक्ट्रोमीटर होता, तोही अर्धा वेळ बिघडलेला. आम्ही आधीच्या वर्षाच्या जर्नलमधली रीडिंग उतरवायचो. मी तेव्हा गप्प बसले, याचं मला आजही वाईट वाटतं. फिजिक्स आवडत होतं, पण मला ते करायलाच मिळालं नाही.

म्हणून सांगते, विषय ठरवण्याआधी कॉलेजची प्रयोगशाळा डोळ्यांनी बघून या. उपकरणांवर धूळ आहे का, बघा. चांगली प्रयोगशाळा नसेल आणि गणिताचे शिक्षक चांगले असतील, तर मी बिनदिक्कत गणित घे म्हणेन. गणिताला फळा आणि माणूस पुरतो.

आता मी आठवी ते दहावीला गणित आणि विज्ञान दोन्ही शिकवते. सहावीपासूनच्या मुलांना दरवर्षी खोडदला नेते.

आयसर, पाषाण

आयसर ही विज्ञान शिकवणारी संस्था. आमच्याकडे सुरुवातीला सगळे विषय सगळ्यांनाच असतात, त्यामुळे निवड नंतर. माझं ठरलं ते फुरिये सिरीजवर, म्हणजे फलन साइन-कोसाइनच्या अनंत बेरजेत मांडण्यावर. फिजिक्सच्या तासाला ती वापरून तापलेल्या सळईतली उष्णता कशी पसरते ते काढलं, सगळा वर्ग खूश. मॅथ्सच्या तासाला प्रश्न आला, ही अनंत बेरीज मुळात त्या फलनाला जाऊन मिळते का, आणि कुठे मिळत नाही? सळई मी विसरले. दुसरा प्रश्न जेवतानाही डोक्यात होता. माझी रूममेट नेमकी उलटी, तिला ‘उत्तर प्रयोगाशी जुळतंय ना, मग पुढे चल’ यातच आनंद. ती फिजिक्सला गेली, मी मॅथ्सला.

धागा सुरू करणारी आत्या

सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी सगळं वाचून दाखवलं. केटरच्या पेंड्युलमचं ऐकून ती उठली, गच्चीवर दोऱ्याला कुलूप बांधलं आणि मोबाइलवर पन्नास झोक्यांची वेळ घेतली. उत्तर ९.६. पुण्यातही इतकं कमी यायला नको, म्हणून चिडली. रात्री लक्षात आलं की लांबी कुलपाच्या कडीपर्यंतच मोजली होती, कुलपाच्या मध्यापर्यंत नाही. सकाळी पुन्हा केलं, ९.७७.

मला वाटलं, ठरलं. पण दुपारी बघते तर वहीत वेगळंच चालू होतं. पेंड्युलमचं सूत्र काढताना साइन थीटाच्या जागी नुसता थीटा (झोक्याचा कोन) घेतात, ते तिला खटकलं होतं. वीस अंशांचा झोका दिला तर वेळ किती टक्क्यांनी चुकते, ते काढत बसली होती. एक टक्क्याच्या आतच आहे म्हणाली, पण ‘आतच’ असं खात्रीने कधी म्हणता येतं, ते तिला अजून सिद्ध करता आलेलं नाही.

उद्या दोघी कॉलेजची प्रयोगशाळा बघायला जातोय. फॉर्म शुक्रवारी.