मानवजात दगड पडून संपेल का? (लोणारहून आल्यावर पडलेला प्रश्न)

बुलढाणेकर:
दिवाळीत पाहुण्यांना लोणार दाखवायला नेलं होतं. आकाशातून दगड (लघुग्रह) आदळून झालेला पावणेदोन किलोमीटरचा तो खड्डा काठावरून एका नजरेत मावत नाही, आणि खाली उतरलं की खाऱ्या पाण्याचा कुबट वास. गाईड लवणासुराची गोष्ट रंगवत होता, तेवढ्यात पाहुण्यांचा सहावीतला पोरगा म्हणाला, "मग परत पडला तर?" सगळे हसले. मला नाही हसू आलं.

१५ फेब्रुवारी २०१३ ला रशियात चेल्याबिन्स्कवर जेमतेम वीस मीटरचा दगड हवेतच फुटला. लख्ख उजेड पडला म्हणून लोक खिडकीशी धावले आणि मागून आलेल्या धक्क्याने काचा अंगावर. दीड हजाराच्या आसपास जखमी. सूर्याच्या बाजूने आला, त्यामुळे आधी कुणालाच दिसला नव्हता. आपण फार निर्धास्त आहोत असं माझं मत.

शंकासुर:
कै च्या कै. काचा फुटणं वेगळं, मानवजात संपणं वेगळं. त्याला दहाएक किलोमीटरचं धूड लागतं. तसं शेवटचं मेक्सिकोत पडलं, ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, ज्यात डायनासोर गेले. किलोमीटरच्या वरचे ९० टक्क्यांहून जास्त दगड शोधून झालेत, त्यातला एकही पुढच्या शंभर वर्षांत आपल्याकडे येत नाही. तुमच्या जिल्ह्यात उन्हाळ्यात टँकर येतो का, ते बघा आधी.

बुलढाणेकर:
येतो, आणि त्याची वाट मीही बघतो. पण १४० मीटरच्या पुढचे निम्म्याहून जास्त अजून सापडलेले नाहीत. त्यातला एक शहरावर आला तर?

शंकासुर:
मग धाग्याचं नाव बदला. 'शहर संपेल का' करा.

निवृत्त मास्तर:
नावावरून भांडू नका. २०२४ वायआर४ नावाचा दगड आठवतो का? फेब्रुवारी २०२५ मध्ये तो २२ डिसेंबर २०३२ ला आदळण्याची शक्यता ३.१ टक्क्यांवर गेली होती. संभाव्य पट्ट्यात अरबी समुद्र आणि भारतही होता. आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मुंबई बुडवूनही झाली. आठवड्याभरात आकडा जवळपास शून्य.

शंकासुर:
तेच म्हणतोय मी. आधी घाबरवायचं, मग 'चुकलं' म्हणायचं.

निवृत्त मास्तर:
चुकलं कुठे? दगड नेमका कुठून जाईल हे सुरुवातीला कळत नाही, म्हणून लांबलचक पट्टा धरतात. निरीक्षणं वाढतात तसा पट्टा आखडतो. पृथ्वी त्याच्या आत आहे तोवर तिचा वाटा वाढतच जातो, म्हणून टक्के चढतात. पट्ट्याचं टोक पृथ्वीवरून सरकलं की आकडा धाडकन खाली. वर्गात हे फळ्यावर दोन रेघा मारून दाखवलं असतं.

सह्याद्रीवेडी:
डायनासोरांचा दाखला देताना जरा जपून. आपण ज्या काळ्या कातळावर गड चढतो, तो लाव्हा त्याच सुमारास वाहत होता. डायनासोरांच्या मरणाचं खापर दगडावर किती आणि दख्खनच्या या लाव्ह्यावर किती, हा वाद अजून मिटलेला नाही.

आणि दगड ढकलायची विद्या आली म्हणून नाचू नका. २६ सप्टेंबर २०२२ ला नासाच्या डार्ट यानाने १६० मीटरच्या डायमॉर्फस या दगडाला धडक दिली, मोठ्या जोडीदार दगडाभोवतीची त्याची ११ तास ५५ मिनिटांची फेरी अर्ध्या तासाहून जास्त घटली. झकास. पण जो दगड लांब ढकलू शकतो तो जवळही आणू शकतो. कार्ल सेगन आणि स्टीव्हन ऑस्ट्रो या खगोलशास्त्रज्ञांनी १९९४ मध्येच हे लिहून ठेवलंय. मला दगडापेक्षा ढकलणाऱ्याची जास्त भीती.

शंकासुर:
हे पटलं. दुर्बिणींना माझा विरोध नाही, त्या स्वस्तात पडतात. धडका मारायच्या यानांना आहे.

बुलढाणेकर:
धडक कशी बसते ते आधी करून बघितलं नाही, तर ऐनवेळी काय करणार? असो. १३ एप्रिल २०२९ ला अपोफिस नावाचा दगड जमिनीपासून ३२ हजार किलोमीटरवरून जाणार आहे, डिशच्या उपग्रहांपेक्षाही खालून. तेव्हा बोलू.

शंकासुर:
आपल्याकडे तोवर १४ तारीख लागलेली असेल, पहाटे सव्वातीन. आंबेडकर जयंतीची सुट्टी आहे, जागा राहीन. चहा तुमच्याकडे.