मरीन (खाऱ्या पाण्याचा) टँक: आधी वाळू की आधी मासे?

मांजराकाठ, लातूर
कालच्या एका पोस्टमुळं हे लिहावं लागतंय. तिथं म्हटलंय: "मरीनला महागडी अॅरागोनाइट (समुद्री चुनखडीची वाळू) घेऊच नका. गोदावरीची वाळू चाळा, धुवा, टाका. वर क्लाउन, ब्लू टँग, मँडरिन, जे आवडेल ते सोडा." खाली नवख्यांचे नुसते धन्यवाद. यातले कितीतरी जण रविवारी मासे आणायला निघतील, म्हणून आजच सांगतो.

आपल्या नदीची वाळू बेसॉल्टच्या डोंगरातून आलेली. मूठभर वाळू बशीत घ्या आणि बशीखालून लोहचुंबक फिरवा, काळे कण केसांसारखे उभे राहतात. हेच कण काच घासायच्या मॅग्नेटखाली अडकतात आणि काचेवर ओरखडे ओढतात. ते पुन्हा जात नाहीत. कण टोकदारही असतात. डायमंड गोबी ही मासळी वाळू तोंडात घेऊन कल्ल्यांतून गाळते, तिच्याखाली ही वाळू टाकणं क्रूरपणा आहे.

पण खरी चूक क्रमाची आहे. हॅलिकोइरस रॅस जातीचे मासे रात्री वाळूत शिरून झोपतात, त्यांना दोन-तीन इंच बारीक वाळू लागतेच. जॉफिश मासा बीळ करतो, त्याला याहून खोल थर हवा आणि बिळाला आधार द्यायला शिंपल्यांचे तुकडे हवेत. क्लाउनला तळाशी काय आहे याचं काही घेणंदेणं नाही. मासे आधी कागदावर ठरवा, वाळू त्यावरून ठरते. आणि ब्लू टँग ३० सेंटीमीटरपर्यंत वाढतो. चार फुटी टँकमध्ये तो कोंडून ठेवायचा?

गंगाखेडकर
ती पोस्ट माझी. नाव घेऊन बोला की.

माझ्याकडं क्लाउनची जोडी याच वाळूवर आहे, अंडी घालते, मादी हातावर धावून येते. यापेक्षा मोठा पुरावा कुठला हवा? दुकानदार सांगतो, अॅरागोनाइट पीएच धरून ठेवते. ८.२ पीएचला ती विरघळतच नाही हो! पीएच पार ७.८ च्या खाली गेला तर कुठं थोडी विरघळते, आणि तेव्हा मासेच धडपडत असतात. पीएच सांभाळतं ते मिठाचं मिश्रण आणि वेळेवर बदललेलं पाणी. या एका थापेवर गोणीमागं गोणी विकल्या जातात. गावाकडच्या पोरानं मरीन करूच नये, असं म्हणायचंय का तुम्हाला?

मांजराकाठ, लातूर
पीएचचं बरोबर आहे. मी ते कुठं लिहिलं होतं? मी चुंबक आणि गोबीबद्दल बोललो, त्याला उत्तर द्या.

बेअर बॉटमवाला, नांदेड
दोघंही वाळूवर भांडायलाव, पण मराठवाड्यात मरीनला वाळूच नको. मे महिन्यात लाईट गेली की वेव्हमेकर (पाणी हलवणारा पंप) बंद, स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) बंद. पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन आधीच कमी, आणि वाळूत साचलेली घाण सडताना उरलेला ओढून घेते. माझ्या मित्राचा टँक असाच एका दुपारी गेला. तळ ढवळला तर खालची वाळू काळी आणि सडक्या अंड्याचा वास. माझा तळ उघडा आहे, घाण दिसते, पाइपनं ओढून काढतो. इन्व्हर्टरवर एक एअर पंप चालतो, तेवढ्यावर मासे निभावतात.

मांजराकाठ, लातूर
मग रॅस झोपेल कुठं? काचेवर? दोन-तीन इंच वाळू ठेवून दर आठवड्याला थोडी थोडी साफ केली तर ती काळी पडत नाही. मित्रानं ती कधी हलवली नसणार.

बेअर बॉटमवाला, नांदेड
रॅस पाळत नाही मी. मासे आधी ठरवा असं तुम्हीच म्हणालात ना? मी ठरवले.

मांजराकाठ, लातूर
ठीक. एवढं मान्य.

काळं रान, बीड
मी मासे पाळत नाही, भावाकडं टँक आहे म्हणून हा धागा वाचतोय. एक विचारतो. लातूरकर, एप्रिल २०१६ मध्ये तुमच्या शहराला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. त्याआधी टाक्यांभोवती १४४ कलम लावलं होतं. आणि तुम्ही एक लिटर आरओ पाण्यासाठी दोन-तीन लिटर नालीत सोडून त्यात मीठ कालवता? माशांची कसली काळजी करता?

मांजराकाठ, लातूर
२०१६ मला शिकवू नका. आई पहाटे हंडे घेऊन टँकरच्या रांगेत होती, मी तिच्या मागं. आरओचं वाया जाणारं पाणी एक थेंबही नालीत जात नाही, पिंपात जातं. फरशी, संडास, गाडी त्यावरच होते. चार फुटी टँकला आठवड्याला पंचवीस लिटर बदलतो. तुमच्या घरचा कूलर एका दिवसात याहून जास्त पाणी पितो.

काळं रान, बीड
कूलरखाली आजारी माणूस झोपतो. बरोबरी करू नका.

आणि मुद्दा फक्त किती पाण्याचा नाही. पंचवीस लिटरमध्ये जवळजवळ किलोभर मीठ असतं. ते बदललेलं पाणी कुठं ओततो, हे इथं एकानंही लिहिलेलं नाही. भावानं ते अंगणातल्या लिंबाला घातलं. पानांच्या कडा करपल्या, मग झाडच वाळलं. काळ्या मातीत सोडियम शिरलं की माती लिंपल्यासारखी होते, पाणी मुरत नाही. आमचा कॅनॉलखालचा एक तुकडा असाच चोपण झालाय. वडिलांनी त्यात जिप्सम टाकलं, ताग गाडला, तरी ज्वारी गुडघ्याच्या वर येत नाही. वाळूच्या कणांवर इतकं लिहिता, ओतायच्या पाण्यावर एक ओळ नाही.

गंगाखेडकर
शेती माझीही आहे. एका बादलीनं रान चोपण होत नाही. चोपण होतं ते कॅनॉलचं पाणी बेसुमार दिल्यानं आणि निचरा नसल्यानं. ऊसवाल्यांना जाऊन विचारा.

काळं रान, बीड
ऊसवाल्यांना विचारून झालं, शिव्या खाल्ल्या. आता तुम्हाला विचारतोय. अंगणातल्या आळ्यात दर आठवड्याला किलोभर मीठ पडलं तर वर्षात काय होईल, ते सांगा.

बेअर बॉटमवाला, नांदेड
हे मात्र खरं आहे. मी संडासात ओततो. झाडाला, मातीला, बोअरजवळ अजिबात नको. टँकवाल्या प्रत्येकानं हे पाळलंच पाहिजे.

अजून एक. उन्हाळ्यात पाणी आटतं, मीठ आटत नाही. भर घालायची ती गोड्या आरओ पाण्याची, नाहीतर खारटपणा चढत जातो. चिलर (पाणी गार करायचं यंत्र) परवडत नसेल तर पाण्यावर छोटा पंखा लावा. आपली हवा कोरडी, त्यामुळं तो इथं मुंबईपेक्षा चांगला चालतो, दोन-तीन डिग्री सहज उतरतात. पण भर रोज घालावी लागते.

काळं रान, बीड
म्हणजे आणखी पाणी.

मांजराकाठ, लातूर
हो, आणखी पाणी. म्हणूनच सांगतोय, मोजके आणि जमणारे मासे ठेवा, म्हणजे ते जगतात आणि टँक पुन्हा पहिल्यापासून भरावा लागत नाही. सगळ्यात जास्त पाणी जातं ते मेलेला टँक धुऊन नव्यानं भरताना. आधी डॅमसेल हा भांडखोर मासा सोडून टँक सायकल करायचा, म्हणजे त्यात घाण पचवणारे जिवाणू वाढवायचा, सल्ला अजून दिला जातो. तो डॅमसेल कोपरा धरतो आणि नंतर येणाऱ्या प्रत्येकाचे पर फाडतो. सायकल अमोनियाची बाटली घालून होते, त्याला मासा लागत नाही. डॅमसेल हवाच असेल तर सगळ्यांच्या शेवटी.

आणि 'कोरल चुरा' (प्रवाळाचा चुरा) स्वस्तात मिळतो म्हणून तळाला टाकणाऱ्यांनो, बारीक वाळू लागणाऱ्या माशांना तो नको, आणि त्याच्या फटींत अन्न अडकून सडतं. वर आपल्याकडं प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या बरोबरीनं. तो चुरा कुठल्या किनाऱ्यावरून आला, हे विचारल्याशिवाय घेऊ नका.

गंगाखेडकर
लेक्चर झालं? आता माझं ऐका. टँग आणि मँडरिन पोस्टमधून काढतो. मँडरिन जिवंत कोपेपॉडवर (पाण्यातल्या बारीक किड्यांवर) जगते, नव्या टँकमध्ये उपाशी मरते, एवढं मलाही कळतं. लिहिण्याच्या भरात लिहून गेलो. वाळूचं वाक्य मात्र काढणार नाही. चुंबक फिरवून काळे कण काढायचे, फक्त क्लाउनसाठी वापरायची, असं खाली जोडतो.

मांजराकाठ, लातूर
आणि काच घासताना मॅग्नेट तळापासून दोन बोटं वर ठेवायचा, तेही जोडा.

गंगाखेडकर
जोडतो. संडासात ओता, हेही जोडतो. बीडवाल्यांसाठी.

काळं रान, बीड
माझ्यासाठी नको, लिंबासाठी जोडा.