एप्रिलमध्ये युरोप हनिमून, बजेटमध्ये कसं जमवायचं?

फेब्रुवारीत लग्न आहे, एप्रिलमध्ये 12 दिवस युरोप करायचं म्हणतोय, तिला पॅरिस आणि स्विस दोन्ही हवंय आणि माझा खिसा म्हणतो लोणावळा. काय करू?

> अरे स्विस सोड, प्राग-व्हिएन्ना-बुडापेस्ट कर, प्राग ते व्हिएन्ना ट्रेनने चारेक तास, पुढे बुडापेस्ट पावणेतीन, तिकिटं लवकर काढलीस तर स्वस्तात पडतात. फक्त झेक आणि हंगेरीत युरो नाही हां, कोरुना आणि फोरिंट.

> व्हिसाचं आधी बघ. माणशी 90 युरो, सेंटरचा चार्ज वेगळा, जिथे जास्त दिवस राहणार त्याच देशाकडे अर्ज. 30,000 युरोचा इन्शुरन्स लागतोच. आम्ही ईस्टरला गेलो, हॉटेलवाल्यांनी पार कापलं.

> पॅरिसशिवाय वहिनी ऐकणार नाहीत, परतीचं विमान तिथूनच घ्या 😄