मदत हवी आहे : युक्रेनमधल्या रशियाच्या नव्या चढाईचा अंदाज कसा बांधायचा?

दर रविवारी फोंड्याला आमच्याकडे हाच वाद. मामा पावाचे तुकडे रणगाडे म्हणून बशीत पुढे सरकवतात : रशियाकडे माणसं जास्त, म्हणजे नवी चढाई फत्ते! मला पटत नाही. २०२२ मध्ये कीवच्या उत्तरेला रशियाच्या लष्करी गाड्यांची रांगच्या रांग रस्त्यातच अडकली होती. बाखमुत हे युक्रेनचं शहर घ्यायला तर मे २०२३ उजाडला. चाल करून जाणाऱ्याकडे तिप्पट बळ हवं, हा जुना ठोकताळा ड्रोनच्या काळात चालतो का? वसंतातला चिखल, दारूगोळ्याची ने-आण, यांना किती वजन द्यायचं? (१६८३ मध्ये पोर्तुगीज विजरई, म्हणजे व्हाइसरॉय, इथल्याच मर्दनगडावर चालून आला नि संभाजीराजे येताच मागे फिरला, हे मामा सोयीस्कर विसरतात.) जाणकारांनी प्लीज रविवारच्या आत सांगा.