बागेतलं शिल्प: कोणाचा पुतळा, की आणखी काही?

पणजीहून:

नमस्कार मंडळी,
परवाच्या मिटिंगला जे येऊ शकले नाहीत त्यांच्यासाठी लिहितेय. आपल्या वाड्यावरची जुनी बाग नीट करायचं चाललंय, तिथला मधला चौथरा कधीपासून रिकामाच आहे, त्यावर वर्गणी काढून एक शिल्प बसवायचं आणि ते इथल्या लोकांना आपलं वाटायला हवं, एवढ्यावर सगळ्यांचं जमलं. पुढचा तासभर मात्र पुतळा कोणाचा यावरच गेला. बाहेर असलेल्यांनीही कळवा, बाग तुमचीही तेवढीच आहे.

दुबईहून:

ताई, मेल वाचला आणि थेट बागेतच पोचलो. मी सायकल तिथेच शिकलो, आजी कोपऱ्यातल्या बाकावर बसून माझ्यावर लक्ष ठेवायची, मी पडलो की बसल्या जागेवरून ओरडायची. माझे 25,000 रुपये आत्ताच धरा. आणि पुतळा गायिका केसरबाई केरकरांचाच करा, पूर्णाकृती, ब्राँझमध्ये. आपल्या केरीची बाई, 1977 साली व्हॉयेजर यानांबरोबर जी सोनेरी तबकडी अंतराळात गेली तिच्यात त्यांची भैरवी आहे, आणि बागेत खेळणाऱ्या किती मुलांना हे ठाऊक आहे? 19 डिसेंबरला, गोवा मुक्तिदिनी, अनावरण करूया, मी सुट्टी टाकून येतो.

फोंड्याहून:

दादा, केसरबाईंचं तुम्ही लिहिलंत ते मनापासून पटलं. पण मी आयुष्यभर शाळेत चित्रकला शिकवली, म्हणून थोडं सविस्तर लिहितो, रागावू नका.

नाव आधी ठरलं की शिल्पकाराच्या हातात एक फोटो पडतो आणि तो चेहरा जुळवत बसतो. मग चौथऱ्यावर उभा माणूस, खाली पाटी, वर्षातून एकदा हार. पणजीतच बघा. गार्सिया द ओर्ता बागेतल्या खांबावर वास्को द गामाचा अर्धपुतळा होता, आता तिथे अशोकस्तंभाचे सिंह आहेत. आझाद मैदानातल्या मंडपात गोवा जिंकणारा पोर्तुगीज सेनानी आफोन्सो द आल्बुकेर्क उभा होता, तो जुन्या गोव्याच्या म्युझियममध्ये गेला आणि तिथे स्वातंत्र्यसैनिक टी. बी. कुन्हांचं स्मारक झालं. झालं ते योग्यच झालं, ती माणसं आपण मागितलीच नव्हती. पण जुन्या सचिवालयाशेजारचा आबे फारिया? तोही पोर्तुगीज अमदानीतलाच, 1945 चा, पण केला आपल्या रामचंद्र पांडुरंग कामतांनी. कांदोळीचा पाद्री, संमोहनाचा अभ्यास करणारा, आणि कामतांनी नेमका तो क्षणच पकडलाय, दोन्ही हात पुढे, समोर एक बाई मागे कलतेय. पाटी न वाचताही पोरं समोर थांबतात आणि हात तसेच करून बघतात. मला शिल्प म्हणजे हे वाटतं.

तेव्हा मतदान नंतर. आधी बागेत रोज कोण येतं त्यांच्याशी बोला, मासळी विकून परतताना टेकणाऱ्या बायका, पाव विकणारे पोदेर, संध्याकाळची म्हातारी माणसं, शाळेची मुलं. कोणाचा पुतळा हवा असं नका विचारू, इथे काय आठवतं ते विचारा. ते सगळं लिहून दोन-तीन शिल्पकारांना द्या आणि छोटी मॉडेल्स मागवा, पण त्या मॉडेलचे पैसे द्या हो, फुकटात नमुना मागायची आपली सवय फार वाईट, त्या माणसाचा महिना जातो त्यात.

मटेरियलचं. लोखंड नकोच, खारी हवा आणि सुमारे 3,000 मिलिमीटर पाऊस, चार वर्षांत गंज ओघळायला लागतो. फायबरवर ब्राँझचा रंग मारून देतात तोही उन्हात विटतो. ब्राँझ टिकतं, हिरवं होतं एवढंच, पण मेणावरून साचा करून ओतायचं, मग तुकडे जोडायचे, घाईचं काम नव्हे, यंदाचा 19 डिसेंबर विसरा. आणि आपला चिरा, म्हणजे जांभा दगड, विसरू नका. त्यात नाकडोळे येत नाहीत, भोकं असतात, शेवाळ धरतं, मान्य. पण उसगाळीमळला कुशावतीच्या काठावर त्याच जांभ्यात हजारो वर्षांपूर्वीचे बैल आणि ते मोठं चक्रव्यूह कोरलेलं आहे, जाऊन बघा, ठसठशीत रेघ असली की चिरा छान बोलतो.

कागदांचं पण बघून घ्या. सुप्रीम कोर्टाने 2013 च्या जानेवारीत रस्ते, फूटपाथ आणि सार्वजनिक वापराच्या जागांवर पुतळ्यांना परवानगी देऊ नका असं राज्यांना सांगितलंय, त्यामुळे आपल्या बागेत चालतं का ते महापालिकेकडून लेखी घ्या, तोंडी होकारावर चौथऱ्याला हात लावू नका. शिल्पकाराशी करार करताना पुढे शिल्प हलवायचं झालं तर त्याला विचारायचं, हे घाला. शिल्पकार अमरनाथ सेहगलांचं दिल्लीच्या विज्ञान भवनातलं ब्राँझचं भित्तिशिल्प त्यांना न विचारता काढलं होतं, 2005 मध्ये दिल्ली हायकोर्टाने ते त्यांना परत द्यायला लावलं, वर 5 लाख भरपाई. आणि दर पावसाळ्यानंतर धुणार कोण, हे वर्गणी काढतानाच ठरवा. पाटी मराठीत आणि कोकणीतही असू दे, त्यावरून भांडण नको.

केसरबाईच हव्यात असं लोकांतून आलं तर मला आनंदच. पण मग चौथऱ्यावर उभ्या नकोत. खाली बसलेल्या, तंबोऱ्यावर हात, आणि शेजारी चिऱ्याची बैठक, कोणीही जाऊन टेकावं अशी.

दुबईहून:

सर, बैठकीचं वाचून थांबलोच. डिसेंबरचा हट्ट सोडला. माझे पैसे त्या मॉडेल्सच्या मानधनाला लावा. आणि ताई, आजीचा त्या बाकावरचा एक फोटो आईच्या ट्रंकेत आहे, पाठीमागे चौथरा दिसतो. भावाला स्कॅन करायला सांगतो, लोकांशी बोलायला जाल तेव्हा तो दाखवा.