फ्रेडीला निरोप मिळाला, पण त्याच्या गाण्यांना न्याय मिळाला का?

षड्जपंचम:
२० एप्रिल १९९२, लंडनचं वेम्बली स्टेडियम, ७२,००० माणसं. 'क्वीन' या ब्रिटिश रॉक बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी याला जाऊन पाच महिनेही झाले नव्हते. क्वीनच्या उरलेल्या तिघांनी, ब्रायन मे, रॉजर टेलर आणि जॉन डीकन यांनी, त्याच्यासाठी हा कार्यक्रम केला. परवा तो पुन्हा सगळा पाहिला आणि माझं जुनं मत पक्कं झालं: त्या संध्याकाळी माणसाला निरोप मिळाला, त्याच्या कामाला न्याय मिळाला नाही.

पूर्वार्धात मेटालिका, गन्स अँड रोझेस वगैरे मंडळी आपापली गाणी वाजवून गेली. एक्स्ट्रीमने मात्र क्वीनची गाणी एकात एक गुंफून गायली. उत्तरार्धात एकेक तारा यायचा, गायचा, जायचा. रॉबर्ट प्लांटसारखा गायक 'इन्युएन्डो' गाताना इतका चाचपडला की पुढे व्हिडिओतून ते गाणंच काढलं. 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' एल्टन जॉन आणि गन्स अँड रोझेसचा अ‍ॅक्सल रोझ यांच्यात वाटली गेली. मधला ऑपेराचा भाग टेपवर. क्वीन स्वतःही तो भाग टेपवरच लावायचे, हे मला ठाऊक आहे. पण टेपमधून फ्रेडीचा आवाज आला आणि त्याच्या आजूबाजूचं सगळं एकदम तोकडं वाटलं.

अपवाद एकच, जॉर्ज मायकेलचं 'समबडी टू लव्ह'.

तिसरी घंटा:
अजिबात पटलं नाही. 'इन्युएन्डो' फ्रेडीला तरी मंचावर कुठे गाता आलं? क्वीनची त्याच्यासह शेवटची मैफल ऑगस्ट १९८६ मधली, नेबवर्थची. हे गाणं १९९१ चं. म्हणजे लोकांसमोर ते पहिल्यांदा गायचं ओझं प्लांटवर पडलं. अडखळला तर अडखळला, पण सोपं गाणं निवडून सुटका करून घेतली नाही, यातच मला त्या गाण्याचा मान दिसतो.

गाणी बांधणारा गेल्यावर ती दुसऱ्याच्या गळ्यात जाणारच. तिथे ती थोडी उसवतात, आणि मूळ वीण किती घट्ट होती ते तेव्हाच कळतं. तुम्हाला जे तोकडं वाटलं, तीच मला फ्रेडीला मिळालेली दाद वाटते.

लोअरपरळ:
अ‍ॅक्सल रोझला बोलवायलाच नको होतं. १९८८ च्या त्याच्या एका गाण्यात समलिंगी आणि स्थलांतरित लोकांबद्दल घाणेरडे शब्द आहेत. एड्सने गेलेल्या, झांझिबारहून आलेल्या पारशी गायकाच्या श्रद्धांजलीला तो माणूस? तेव्हाही यावर निषेध झाला होता.

तिसरी घंटा:
@लोअरपरळ, राग रास्त आहे. पण त्याच्या शेजारी उभं राहून कोण गायलं ते पाहा: एल्टन जॉन, जो १९७६ मध्येच आपल्याला स्त्रिया आणि पुरुष दोघंही आवडतात असं उघड बोलला होता. शेवटच्या ओळी दोघांनी मिळून गायल्या. अ‍ॅक्सलचे चाहते असलेली हजारो पोरं तिथे आली होती. एड्सबद्दल ऐकायची खरी गरज त्यांनाच होती.

घाटवाट:
माझी खंत वेगळी आहे. फारूख बुलसारा, म्हणजे आपला फ्रेडी, आमच्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला. पियानो तिथे शिकला, 'द हेक्टिक्स' हा पहिला बँडही तिथलाच. वेम्बलीत त्याची खूण कुठेच नाही.

षड्जपंचम:
@घाटवाट, आपल्याला तसं वाटणं साहजिक आहे. पण या भूतकाळाबद्दल तो स्वतःच फारसा बोलत नसे. आणि घरच्यांनी अंत्यसंस्कार पारशी धर्मगुरूंच्या प्रार्थनेनेच केले. ते घरापुरतं राहिलं, ते योग्यच झालं. मंचावर जो फ्रेडी होता तो त्याने स्वतः घडवलेला होता.

कंदील:
मूळ लेखातल्या 'माणूस' आणि 'काम' या फाळणीवर मला लिहायचं आहे.

फ्रेडीने एड्स असल्याचं जाहीर केलं २३ नोव्हेंबर १९९१ ला. २४ ला तो गेला. रोगाला लगाम घालणारी एकत्रित औषधं यायला अजून चार-पाच वर्षं होती. त्या काळात अभिनेत्री एलिझाबेथ टेलर भर स्टेडियममध्ये पोरांना निरोध वापरा म्हणून सांगते. गायक डेव्हिड बोवी गुडघे टेकून प्रार्थना म्हणतो. माझा मामेभाऊ १९९७ साली याच आजाराने गेला आणि आम्ही तेराव्यालाही लोकांना 'टीबी होता' एवढंच सांगितलं. आई आजही तेच सांगते. म्हणून वेम्बलीवर 'एड्स' हा शब्द मोठ्याने उच्चारला गेला, याचं मोल माझ्या लेखी कुठल्याही सुरापेक्षा जास्त आहे. त्या कार्यक्रमाच्या पैशातून मर्क्युरी फीनिक्स ट्रस्ट उभा राहिला, एड्सविरुद्ध काम करायला.

जॉर्ज मायकेलचंही तेच. त्याचा जोडीदार तेव्हा एचआयव्हीने आजारी होता आणि हे जगाला माहीत नव्हतं. सगळ्यांसमोर तो 'कुणीतरी मला प्रेम करायला माणूस द्या' असं गात होता. यात काम कुठे संपतं आणि माणूस कुठे सुरू होतो, सांगा बरं.

षड्जपंचम:
@कंदील, तुमच्या भावाबद्दल वाचून थांबलो. जॉर्ज मायकेलबद्दल तुमचं म्हणणं मान्य. पण नाटक-सिनेमांत गाणाऱ्या लायझा मिनेलीने 'वी आर द चॅम्पियन्स' गायलं ते मला अजूनही पटत नाही. ते रॉक गायकाचं गाणं आहे.

तिसरी घंटा:
लायझा मिनेली फ्रेडीची लाडकी होती. मंचावर कसं उभं राहायचं, हात कसा उंचवायचा, यातलं बरंचसं त्याने तिच्याकडून घेतलं. तिच्या मागे सगळे गायक रांगेने उभे राहिले आणि तिने ते गाणं नाटकातल्या शेवटच्या प्रवेशासारखं गायलं. एकदा डोळे मिटून ऐका. मग डोळे उघडून फक्त तिचे हात पाहा.