वाघाच्या संघात खेळताना (अनुभव धागा)

कोपरारक्षक

रविवारी संध्याकाळी आक्काचा फोन आला. भाचा पंधरा वर्षांचा, क्लबच्या सोळाखालच्या संघात नुकताच लागलाय. मॅचमध्ये त्याच्या हातून सोपा झेल सुटला. संघातला स्टार बॅट्समन, जो कॅप्टनही आहे, त्याने भर मैदानात विचारलं, "हाताला तूप लावून आलास का?" पोरगं घरी येऊन जेवलं नाही. आक्का म्हणते, कोचला जाऊन भेटू का? मी म्हटलं, दोन दिवस थांब. थांब म्हटलं, कारण मला स्वतःलाच उत्तर सुचत नव्हतं.

माझ्याही नशिबात असा एक वाघ होता. नव्वदच्या दशकाची अखेर, कृष्णाकाठचं गाव, कबड्डीचं मातीचं मैदान. आमचा कॅप्टन म्हणजे तालुक्यातला नावाजलेला चढाईपटू. मी उजव्या कोपऱ्यावर, वजन ५८ किलो. सराव संपला की सगळे पंपावर पाय धुवायला पळायचे आणि हा मला थांबवून घ्यायचा. "माझा पट काढ." पन्नास वेळा. तो बोनसला पाय टाकणार, मी घोटा धरणार (हाच पट), तो झटका देऊन सुटणार आणि वर शिवी. आईवरून कधी दिली नाही, तेवढं पाळायचा. बाकी माझ्या जेवणापासून माझ्या चालण्यापर्यंत सगळं निघायचं. एकदा दिव्याखाली त्याचा घोटा दिसला. सालटं निघालेलं, त्यात माती चिकटलेली. मी हात मागे घेतला तर म्हणाला, "घोटा माझाय, तू कशाला रडतोस? धर."

त्या वर्षी फायनलला तो बाद होऊन बाहेर बसलेला. आत आम्ही तिघं, एका गुणाने पुढे, शेवटचं मिनिट. समोरच्यांचा उंच गडी सारखा माझ्याच कोपऱ्यावर येत होता. एरवी हा बाहेरून घसा बसेपर्यंत ओरडायचा, तेव्हा मात्र एक शब्द नाही. पट लागला. सामना जिंकल्यावर सगळ्यांच्या पाठी थोपटून माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "उशीर केलास." त्या दोन शब्दांवर मी पुढची दोन वर्षं खेळलो.

तर ज्यांनी कुठल्याही सांघिक खेळात अशा माणसाच्या हाताखाली, शेजारी किंवा समोर दिवस काढलेत त्यांनी लिहा. आपल्या ओळखीतल्या माणसांची, संघांची नावं नकोत. टीव्हीवरच्या मंडळींची घ्या, त्यांना सवय आहे.

शिकागोरिटर्न

मी खेळाडू नाही, पण शेजारी बसून पाहिलंय असं म्हणू शकतो. १९९६ ते २००१ शिकागोच्या उपनगरात होतो. बास्केटबॉल आधी कधी पाहिला नव्हता. तिथे गेल्यावर पहिल्याच थंडीत कळलं की हा खेळ समजला नाही तर ऑफिसात कुणाशी बोलायला विषयच नाही.

शिकागो बुल्स संघाचा मायकेल जॉर्डन सरावात सहकाऱ्यांना किती छळायचा हे तेव्हा कुजबुजीत ऐकू यायचं. स्टीव्ह कर नावाचा सडपातळ, शांत नेमबाज होता. १९९५ च्या सराव शिबिरात त्याने जॉर्डनला उलट उत्तर दिलं, धक्काबुक्की झाली आणि जॉर्डनने सरळ ठोसा मारला. प्रशिक्षक फिल जॅक्सनने संघाच्या देवालाच त्या दिवशी सरावातून बाहेर काढलं. संध्याकाळी देवाने फोन करून माफी मागितली. त्याच मोसमात संघ ७२ सामने जिंकला आणि १० हरला.

आता माझा भाग. जून १९९७, अंतिम मालिकेचा सहावा सामना, यूटाविरुद्ध. आम्ही सहा देशी पोरं एका फ्लॅटमध्ये, कुकरमध्ये राजमा. ८६-८६ बरोबरी, शेवटची काही सेकंदं. चेंडू जॉर्डनकडे. मी म्हटलं, हा काय कुणाला देतोय! दोन जण त्याच्या अंगावर गेले आणि त्याने चेंडू दिला तो करला. त्याने टाकला, गेला. विजेतेपद. राजमा करपला तो कुणाला कळलाही नाही.

२०२० च्या लॉकडाउनमध्ये ती जॉर्डनवरची मालिका आली तेव्हा बायकोबरोबर परत सगळं पाहिलं. आपल्या जिंकण्याच्या हट्टाबद्दल बोलता बोलता त्याचे डोळे भरतात आणि तो चित्रीकरण थांबवायला सांगतो. बायको म्हणाली, "एवढं रडू येतंय तर मारायचं कशाला?" मला उत्तर देता आलं नाही. पण ठोसा मारलेल्या माणसालाच शेवटचा चेंडू देणं, हे माझ्या डोक्यातून गेलेलं नाही.

चौथी पाटी

वरचे दोन्ही अनुभव गोड आहेत, म्हणून मुद्दाम लिहितेय.

खो-खो. शाळेपासून विद्यापीठापर्यंत खेळले. आमच्या संघात एक अप्रतिम खेळाडू होती. संरक्षणाला उतरली की पाट्यांवर बसलेल्यांमधून नागमोडी, म्हणजे साखळी, अशी पळायची की समोरच्यांचे श्वास संपायचे. कॅप्टनही तीच. तिचं म्हणणं एकच, आक्रमणात प्रत्येकीने सूर मारला पाहिजे. मैदान मुरमाचं. माझे दोन्ही कोपर आणि डाव्या मांडीची बाजू कायम सोललेली. रात्री चादर चिकटायची, सकाळी ओली करून सोडवायची. आई हळद लावता लावता म्हणायची, "कशासाठी गं हे?"

त्याचंही काही नाही, ज्याला खेळायचंय त्याला हे चुकत नाही. पण ती स्वतः सरावात एकदाही सूर मारायची नाही. "मला मॅचसाठी राहायचंय." आणि माझा एक खो उशिरा गेला की बारा जणींसमोर, "हिला पाटीवर बसायला ठेवलंय, खेळायला नाही." एकदा आंतरविद्यापीठ स्पर्धेच्या आदल्या रात्री तिने माझी नक्कल करून दाखवली, सगळ्या हसल्या, मीही हसले. घरी आल्यावर बूट धुतले, माळ्यावर टाकले. एकोणीस वर्षांची होते.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला पहिला खो-खो विश्वचषक झाला. पुरुषांचा कर्णधार प्रतीक वाईकर, महिलांची प्रियंका इंगळे, दोघंही महाराष्ट्राचे आणि दोन्ही संघ जिंकले. टीव्हीसमोर मी एकटी उभी राहून टाळ्या वाजवत होते. मुलीने विचारलं, आई, तू खेळायचीस का हे? मी म्हटलं, थोडंसं.

मुक्काम पोस्ट बोरिवली

चौथी पाटी, वाचून वाईट वाटलं. पण शिवीत शिवी असते हो. २०२४ च्या विशाखापट्टणम कसोटीत रोहितने पोरांना, बागेत फिरल्यासारखे फिरू नका म्हणून, "गार्डन"वरून जे काही ऐकवलं ते स्टंप माइकवर अख्ख्या देशाने ऐकलं. पुढे मालिका जिंकल्यावर त्यानेच त्याच पोरांबरोबरचा फोटो त्याच शब्दांत टाकला. ज्याला शिवी दिली तो फोटोत हसतोय की नाही, एवढं बघायचं.

चौथी पाटी

मीही हसले होते, वर लिहिलंय.

मुक्काम पोस्ट बोरिवली

बरोबर. माझं चुकलं.

लेगस्लिप

विषय गंभीर झालाय, तर थोडं हलकं. आमच्या सोसायटीच्या संघाचा कॅप्टन कोहलीचा भक्त. २०१८ मध्ये अंबाती रायुडूची इंग्लंड दौऱ्यासाठी निवड होऊनही यो-यो या पळण्याच्या दमाच्या चाचणीत नापास झाला म्हणून त्याला घरी बसवलं, ही बातमी ह्याने व्हॉट्सअॅपवर टाकली आणि खाली लिहिलं, "रविवारी सकाळी सहा. सगळे." तेव्हा भारतीय संघाची पास होण्याची रेषा १६.१ होती. वीस मीटर जायचं, वीस मीटर यायचं, दहा सेकंद दम खायचा आणि बीप दर टप्प्याला घाईत येत जाते. आमच्याकडे बीप म्हणजे कॅप्टनच्या बायकोचा मोबाइल आणि वीस मीटर म्हणजे बी विंग ते पाण्याची टाकी.

संघाचं सरासरी वय ४३. खजिनदार टाकीपाशी बसले ते उठलेच नाहीत. मी १३ च्या आसपास सोडलं. पण खरं सांगतो, कॅप्टन स्वतः सगळ्यात शेवटपर्यंत पळत होता. ओकला आणि परत पळायला लागला. त्या दिवसापासून त्याने कॅच सोडल्यावर कितीही आरडाओरडा केला तरी कुणाला राग येत नाही. खजिनदारांना येतो.

सेटर

शिव्यांचं सगळ्यांनी लिहिलं, न बोलणाऱ्यांचं कुणीच नाही. कॉलेजचा व्हॉलीबॉल संघ. मी सेटर, म्हणजे मारणाऱ्याला चेंडू उचलून देणारा. आमचा स्मॅशर एक अक्षर बोलायचा नाही. माझा सेट नेटपासून वीतभर लांब गेला की तो चेंडू कसातरी पलीकडे ढकलायचा, मागे वळायचा आणि माझ्याकडे नुसता बघायचा. दोन सेकंद. आज मी पन्नाशीचा आहे, ऑफिसमध्ये कुणी बोलता बोलता थांबून बघितलं तरी मला वाटतं सेट लांब गेला.

खडूस पॉइंट

बराच वेळ लिहू की नको करत होतो. धाग्यात सगळे वाघाच्या हाताखालचे आहेत. मी दुसऱ्या बाजूचा. वाघबिघ नव्हतो, पण ऑफिस क्रिकेटमध्ये आमच्या संघाचा कॅप्टन आणि सगळ्यात जास्त रन माझे.

आम्ही मैदानावर वाढलेली मुंबईची पोरं. खडूस हा शब्द आमच्याकडे कौतुकाचा. विकेट फेकायची नाही, समोरच्याला हसून दाखवायचं नाही. १९९१ ची रणजी फायनल मी वानखेडेवर बसून पाहिली. हरयाणाविरुद्ध दोन रनांनी गेली. वेंगसरकर १३९ नाबाद, शेवटचा बॅट्समन रन आऊट झाला आणि वेंगसरकर मैदानातच रडला. तेव्हा ठरवलं, हरल्यावर एवढं लागलं पाहिजे. आपल्यालाच नाही, संघातल्या प्रत्येकाला. तो "प्रत्येकाला" माझा मी जोडला, वेंगसरकरने सांगितला नव्हता.

एक बावीस वर्षांचा पोरगा भरती झाला होता, डोंबिवलीहून यायचा. फॉरवर्ड शॉर्ट लेगला, बॅट्समनच्या अगदी पुढ्यात, मी त्याला उभा करायचो, कारण नवीन माणूस तिथेच उभा राहतो. जुलैमधली मॅच, विकेट ओली, चेंडू कधी उसळी घेईल सांगता येत नव्हतं. त्याने एक कॅच सोडला. मी स्लिपमधून त्याला जे बोललो ते इथे लिहिता येणार नाही. पुढच्या ओव्हरला आणखी एक सुटला. मी बोललो, "उद्यापासून स्कोअर लिही." तो काही न बोलता तिथेच उभा राहिला, आणखी बावीस ओव्हर. चहाला कप डाव्या हाताने उचलला तेव्हा आमच्या विकेटकीपरने त्याचा उजवा हात ओढून बघितला. करंगळी फुगून वांग्याच्या रंगाची झाली होती. पहिल्याच कॅचला मोडली होती. "सांगितलं का नाहीस?" तर म्हणाला, "तुम्ही चिडला असतात."

मी त्याला टॅक्सीने हाडाच्या डॉक्टरकडे नेलं, बिल भरलं, स्वतःला फार मोठा समजलो.

रिटायर झाल्यावर गेल्या वर्षी हे सगळं परत परत डोक्यात यायला लागलं, म्हणून नंबर शोधून फोन केला. म्हटलं, तुझ्या बोटाबद्दल माफी मागायची होती. तो हसला. म्हणाला, "सर, बोटाचं काय, बोट तीन आठवड्यांत बरं झालं. तुम्ही नंतर मला अकरात घेतलंच नाहीत. मी रोज किट घेऊन यायचो लोकलमधून." मला हे आठवतच नव्हतं. अजूनही आठवत नाही.

नेरूळची मावशी

खडूस पॉइंट, हे लिहायला हिंमत लागते.

मला एक जोडी सांगायचीय. २०१७ च्या विश्वचषकात ऑस्ट्रेलियाविरुद्ध हरमनप्रीतने ११५ चेंडूंत नाबाद १७१ केले, ते सगळ्यांना पाठ आहे. त्याच डावात शतकाच्या वेळी धाव घेण्यात घोटाळा होता होता वाचला आणि तिने हेल्मेट फेकून समोरच्या दीप्ती शर्मावर असा आवाज चढवला की टीव्हीवर बघताना मीच दचकले. दीप्ती तेव्हा १९ वर्षांची. मी मनात म्हटलं, हरमन, शतक तुझं, पण पोर घाबरली ना.

२ नोव्हेंबर २०२५ ला विश्वचषकाच्या फायनलला, दक्षिण आफ्रिकेविरुद्ध, डी. वाय. पाटील मैदानावर मी होते. घरापासून रिक्षाने गेले, पाऊस, मॅच उशिरा सुरू, पाय गारठलेले. दीप्तीने आधी ५८ केले, मग ३९ धावांत ५ बळी. शेवटचा चेंडू तिचाच. डी क्लर्कने उंच मारला आणि झेल घ्यायला मागे मागे पळत गेली ती हरमनप्रीत. आमच्या रांगेतले सगळे वर चेंडूकडे बघत होते. मला का कोण जाणे ते आठ वर्षांपूर्वीचं हेल्मेट आठवलं. त्या दोघींमध्ये मधल्या वर्षांत काय बोलणं झालं असेल ते त्यांचं त्यांना माहीत. पण दीप्ती कुठे गेली नाही आणि हरमनने तिला कुठे जाऊ दिलं नाही.

शिकागोरिटर्न

मावशी, तुमच्या दोघी आणि माझे दोघे, एकच गोष्ट आहे. चौथी पाटींच्या कॅप्टनने शेवटचा खो कुणाला दिला असता?

चौथी पाटी

स्वतः पळाली असती.

कोपरारक्षक

सगळ्यांचे आभार. आक्काला धागा वाचून दाखवला, खडूस पॉइंट यांचा तर दोनदा. ती कोचकडे अजून गेलेली नाही, पण गेली तर काय विचारायचं ते तिचं ठरलंय: माझ्या मुलाला पुढच्या मॅचला खेळवणार का?

भाचा आज संध्याकाळी नेट्सहून उशिरा आला, कोपरापर्यंत चिखल. म्हणाला, कॅप्टनने सराव संपल्यावर थांबवून घेतलं आणि स्वतः बॅट घेऊन पन्नास उंच कॅच मारले. "शिव्या दिल्या का?" मी फोनवर विचारलं. "दिल्या ना. पण ३७ पकडले."

मागून आक्काचा आवाज आला, "आणि तेरा?"